मीठ, वाळू, खोबरेल: मिश्रण वेगळं करताना या चुका टाळा

मीठ आणि वाळू वेगळी करणं हा शाळेतला सगळ्यात सोपा प्रयोग समजतात. पाण्यात ढवळा, गाळा, आटवा, झालं. पण घातलेल्या मिठापेक्षा जास्त मीठ हाती आलं, तर आधी वाळूकडे बघा. पुळणीवरची वाळू मुळातच खारट असते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि पाणी सुकलं की ते वाळूच्या कणांवर राहतात. म्हणून वाळू गोड्या पाण्याने तीन-चारदा धुवा, उन्हात कडकडीत वाळवा आणि मगच वजन करा.

मीठ कमी भरलं, तर बहुधा गाळणकागदावरची ओली वाळू तशीच टाकून दिलेली असते. तिच्यातला ओलावा म्हणजे मिठाचंच द्रावण. तिच्यावर थोडं स्वच्छ पाणी दोनदा ओता आणि तेही खालच्या भांड्यात घ्या. कागद आधी ओला करून नरसाळ्याला नीट चिकटवा. पाणी कागदाच्या कडेवरून गेलं, तर वाळू बाजूने खाली उतरते.

मिठाचे स्फटिक थंड करून मिळवायला बसू नका

ही चूक फार दिसते, कारण तुरटीचे सुंदर स्फटिक याच रीतीने मिळतात. तुरटी गरम पाण्यात थंड पाण्यापेक्षा कितीतरी पट जास्त विरघळते, त्यामुळे द्रावण निवताना ती बाहेर पडते. मिठाचं तसं नाही. १०० ग्रॅम पाण्यात २० अंशांना सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळतं आणि १०० अंशांना जेमतेम ३९. रात्रभर थंड करून हाती येणार किती? मिठासाठी पाणी उडून जायलाच हवं. मिठागरात ऊन आणि वारा तेच काम करतात.

मिठागराकडून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. समुद्राचं पाणी आटताना सगळे क्षार एकदम खाली बसत नाहीत. जिप्सम आधी, मग मीठ, आणि मॅग्नेशियमचे कडू क्षार शेवटपर्यंत पाण्यात राहतात. ते कडू पाणी काढून टाकलं जातं. आपण मात्र समुद्राचं पाणी आटवताना पातेलं पार कोरडं करतो आणि जे उरलं त्याला शुद्ध मीठ म्हणतो. ते चवीला कडवट लागतं आणि मॅग्नेशियम क्लोराइडमुळे कोकणातल्या दमट हवेत लगेच पाझरतं. थोडं पाणी शिल्लक असतानाच थांबा आणि ते ओतून टाका. शेवटी आच मंद ठेवा. नाहीतर मीठ तडतडून उडतं आणि डोळ्यांत जाऊ शकतं.

लोहचुंबकाला चिकटलं म्हणजे लोखंड नव्हे

रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळी वाळू सापडते. तिच्यातले चुंबकाला झटकन चिकटणारे कण मॅग्नेटाइटचे, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडचे असतात. ते संयुग आहे, धातू नाही. तिथेच सापडणाऱ्या इल्मेनाइटवर साध्या चुंबकाचा जोर फारसा चालत नाही, म्हणून काही काळे कण मागे राहिले तर प्रयोग फसला असं समजू नका. चुंबक मात्र कागदात गुंडाळूनच फिरवा. उघड्या चुंबकावरचे कण काढता काढता नाकी नऊ येतात.

नारळाच्या दुधाची गोष्ट वेगळी. ते द्रावण नाही, कलिल आहे, म्हणजे त्यात तेल विरघळलेलं नसतं, बारीक थेंबांनी पसरलेलं असतं. तेलाचे थेंब इतके बारीक असतात की फडक्यातून, साध्या गाळणकागदातूनही बरेचसे निघून जातात. खोबरेल आणि पाणी नुसतं एकत्र केलं असेल, तर विलगकारी नरसाळ्याची, म्हणजे खालचा थर सोडून द्यायला तोटी असलेल्या नरसाळ्याची, वाट बघायला नको. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं. भांडं फ्रिजमध्ये ठेवा आणि वरची चकती उचलून घ्या.

विहिरीचं खारं पाणी

इथे चूक झाली तर नुसते गुण जात नाहीत. मे महिन्यात किनाऱ्याजवळच्या काही विहिरी मचूळ होतात आणि घरात कुणीतरी तुरटी फिरवतं. तुरटीने गढूळपणा जातो, कारण मातीचे तरंगणारे कण एकत्र येऊन तळाशी बसतात. विरघळलेलं मीठ मात्र जागचं हलत नाही. उकळल्याने जंतू मरतात, पण पाणी आटल्यामुळे खारटपणा थोडा वाढतोच. गाळणं, निवळणं, उकळणं यांपैकी कशानेही ते पाणी गोडं होणार नाही. त्याला ऊर्ध्वपातन लागतं, म्हणजे वाफ धरून थंड करायची, किंवा आरओचं यंत्र.