शर्यतीचा सिनेमा पोरांना दाखवायचा का? एका ड्रायव्हिंगवालीचं मत

मी नेरूळमध्ये गाडी चालवायला शिकवते. त्यामुळे शर्यतीचा नवा सिनेमा लागला की बहीण, नणंद, सोसायटीतल्या आया, सगळ्या मलाच विचारतात, पोरांना न्यायचं का? मी उलट विचारते, शर्यत कुठे आहे, ट्रॅकवर की रस्त्यावर?

बंद ट्रॅकवर हेल्मेट असतं, पट्टे असतात, झेंडे दाखवणारे मार्शल असतात, आगाऊपणा केला की शिक्षा होते. तोच वेग भर वस्तीत दाखवला, समोरची वाहनं चुकवत हिरो सुसाट गेला, फळांची हातगाडी उधळली आणि कुणाला साधं खरचटलंही नाही, तर तो सिनेमा मला जास्त खटकतो. मग त्यात रक्ताचा थेंब का नसेना. आमच्याकडे पाम बीच रोड आहे, रात्री तिथे बाइक कशा पळवतात ते पोरांना ठाऊक असतं. अठरा पूर्ण करून माझ्याकडे आलेला मुलगा हाफ क्लच जमायच्या आत विचारतो, हँडब्रेक ओढून गाडी गर्रकन कशी फिरवायची? हे त्याला बापाने नक्कीच शिकवलेलं नसतं. म्हणून नववी-दहावीतल्या मुलांना असा सिनेमा दाखवायचाच असेल तर आधी कायदा सांगा: अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

सर्टिफिकेट अर्थातच बघा. 'यूए'चे आता 7+, 13+ आणि 16+ असे तीन भाग आहेत. 'ए' असेल तर अठराखालच्यांना प्रवेश नाही. 'यूए'चा निर्णय मात्र आईबापांवर सोडलेला असतो, दारावर कुणी अडवणार नाही. 16+ असेल तर मी सातवीतल्या भाच्याला नेत नाही, त्याने कितीही तोंड फुगवलं तरी. ओटीटीवर वयाशेजारी हिंसा, शिवीगाळ असं कारणही दिलेलं असतं. नुसत्या आकड्यापेक्षा ते कामाचं.

सिनेमा खऱ्या ड्रायव्हरवर असेल तर त्या माणसाचं पुढे काय झालं ते तिकीट काढायच्या आधी शोधा. फॉर्म्युला वन शर्यतींचा ड्रायव्हर निकी लाउडाची गाडी 1 ऑगस्ट 1976 रोजी जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंग ट्रॅकवर पेटली. चेहरा भाजला, फुप्फुसांना इजा झाली, तरी सहा आठवड्यांत तो इटलीतल्या मोंझाला शर्यतीत उतरला. तसाच ड्रायव्हर आयर्टन सेना 1 मे 1994 रोजी इटलीतल्या इमोलाच्या शर्यतीत अपघात होऊन वारला. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला हे पडद्यावर अचानक कळण्यापेक्षा घरी, जेवताना कळलेलं बरं. सोबत 2020 ची बहरीनची गोष्टही सांगा: रोमाँ ग्रोजाँची गाडी कठड्यात घुसली, दोन तुकडे होऊन पेटली आणि तो स्वतः आगीतून बाहेर आला. ड्रायव्हरच्या डोक्याभोवतीचं 'हेलो' नावाचं कडं फॉर्म्युला वनमध्ये 2018 पासून सक्तीचं झालं, त्या कड्याने ग्रोजाँचं डोकं वाचवलं. हे ऐकलेलं पोर अपघाताच्या प्रसंगी डोळे मिटण्याऐवजी ते कडं शोधतं. मरण दाखवलं म्हणून मी सिनेमा बाद करत नाही. मरणाचं कुणालाच काही वाटत नसेल तर करते.

पाच-सहा वर्षांच्यांना बोलक्या गाड्यांचं कार्टून पुरे. तिथेही भंगारात गाडी चेपण्यासारखा प्रसंग असू शकतो, तेव्हा आधी एकदा स्वतः बघून घ्या. मोठ्या पडद्यावर इंजिनांचा आवाज छातीत घुमतो, म्हणून लहानग्यांना पुढच्या रांगेत बसवू नका.

दुपारचा शो आणि कडेच्या सीट घ्या. मध्यंतरात पॉपकॉर्नच्या रांगेत उभं राहण्याआधी पोराला विचारा, "बघायचाय का पुढे?" नको म्हणालं तर उठा. पैसे गेले म्हणून कुरकुर करू नका, नाहीतर पुढच्या वेळी घाबरलं तरी ते सांगणार नाही.