माजी नगराध्यक्षांवर मृत्युलेख लिहायचा असेल तर

छोट्या शहरात माजी नगराध्यक्ष गेले की दोन मजकूर लागतात. पहिला त्याच दिवशीची निधनवार्ता, साठ-सत्तर शब्दांची. दुसरा मृत्युलेख, सातशे-आठशे शब्दांचा, दशक्रियेच्या किंवा शोकसभेच्या दिवशी छापायचा. दोन्ही एका बैठकीत लिहायला घेतले की हाताशी फक्त विशेषणं असतात. ज्या माणसानं शहरासाठी वीस-तीस वर्षं घालवली, त्याच्यावर 'अजातशत्रू व्यक्तिमत्त्व हरपले' एवढंच छापून येणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

निधनवार्तेत पूर्ण नाव, शहर ज्या नावानं हाक मारत होतं ते नाव, वय, निधनाचा दिवस आणि ठिकाण, अंत्यविधीची वेळ, शेवटी 'त्यांच्या पश्चात' परिवार. आजाराचं नाव घरच्यांनी सांगितलं आणि छापायला हरकत नाही म्हणाले तरच. बातमीची खात्री घरातल्या व्यक्तीकडूनच करा. व्हॉट्सॲपवर फिरणारा फोटो आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली' ही खात्री नव्हे. जिवंत माणसाची अशी बातमी पसरल्याचे प्रकार घडतात.

चुका बहुतेक तीन जागी होतात. एक, वय. 'वयाच्या ८३ व्या वर्षी' म्हणजे ८२ पूर्ण झालेली. 'वय ८३' म्हणजे ८३ पूर्ण. एकाच बातमीत दोन्ही येतात आणि मग शोकसभेच्या फलकावर तिसरंच वय लागतं. दोन, जन्मतारीख. त्या पिढीतल्या असंख्य लोकांच्या शाळेच्या दाखल्यावर १ जून हीच तारीख आहे, कारण दाखल करून घेताना गुरुजींनी ती घातली. घरी तिथी किंवा वेगळी तारीख माहीत असेल तर ती विचारा; मेळ बसत नसेल तर फक्त साल लिहा. तीन, निधनाची तारीख. रात्री बारानंतर निधन झालं तर घरचे आदल्या दिवसाची तारीख सांगतात, दाखल्यावर दुसऱ्या दिवसाची येते. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते आणि ती मृत्यू जिथे झाला तिथल्या कार्यालयात होते. पुण्या-मुंबईच्या रुग्णालयात निधन झालं असेल तर दाखला तिथला निघेल, आपल्या नगरपरिषदेत शोधत बसू नका.

नावाआधी काय लावायचं ते घरच्यांना विचारूनच ठरवा. वारकरी घर असेल तर 'वै.', बौद्ध घर असेल तर 'कालकथित', मुस्लिम घर असेल तर 'मरहूम'. 'दिवंगत' कुठेही चालतं. बौद्ध घरच्या पुण्यानुमोदनाला 'दशक्रिया विधी' छापलं गेलं तर ते घर वर्षानुवर्षं विसरत नाही, आणि त्यांचं बरोबर असतं.

आता मृत्युलेख. त्याचा पाया म्हणजे नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं. सभागृहात नगराध्यक्षांच्या नावांचा फलक असतो, त्यावरून कारकीर्दीची सालं घ्या, पण तेवढ्यावर थांबू नका. फलक पुन्हा रंगवताना सालं चुकतात, आणि काही महिने कार्यभार सांभाळलेले उपाध्यक्ष फलकावर नसतात. निवडणुकीनंतरच्या पहिल्या सभेचं इतिवृत्त उघडलं की तारीख पक्की होते. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, पण उत्तराची मुदत ३० दिवसांची. दशक्रिया दहाव्या दिवशी असते. म्हणून मुख्याधिकाऱ्यांच्या नावे साधं विनंतीपत्र घेऊन स्वतः जा, साल आणि विषय नेमका लिहा, आणि अभिलेख कक्षात बसून पाहू देण्याची परवानगी मागा. 'साहेबांच्या काळातली सगळी कागदपत्रं' असं मागितलं तर कुणीच काही काढून देऊ शकत नाही.

पदाविषयी लिहिताना निवड कशी झाली ते तपासा. १९६५ च्या नगरपरिषदा अधिनियमाखाली नगराध्यक्ष कधी नगरसेवकांतून निवडले गेले, कधी थेट जनतेतून. २००१ आणि २०१६ च्या निवडणुकांत थेट मतदान होतं. मधल्या काळात नगरसेवक निवडत आणि मुदत अडीच वर्षांची असे. अडीच वर्षं नगरसेवकांच्या पाठिंब्यावर शहर चालवलेल्या माणसाबद्दल 'जनतेने भरघोस मतांनी निवडून दिले' लिहिलं तर जाणकार वाचक पुढचं वाचत नाही. ते नगरसेवक म्हणून कोणत्या प्रभागातून आले, किती वेळा, आणि कधी पडले, तेही लिहा. हरलेली निवडणूक लपवण्याची गरज नाही. पडल्यावरही जे लोकांच्या कामासाठी कचेरीत येत राहिले, त्यांच्याबद्दल ती हारच जास्त सांगते.

सगळ्यात जास्त वेळ कामांवर द्या. ठराव मंजूर झाला म्हणजे काम झालं नाही. ठरावानंतर तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता, मग निधी, निविदा, कार्यादेश, आणि शेवटी काम पूर्ण. या वाटेवर अनेक वर्षं जातात आणि मधे नगराध्यक्ष बदलतात. कोनशिलेवर भूमिपूजनाची तारीख असते. पाणी नळाला कधी आलं ते तिथे नसतं. म्हणून प्रत्येक मोठ्या कामाला तीन सालं शोधा: ठराव, काम सुरू, लोकांना उपयोग सुरू. आपले नगराध्यक्ष यांतल्या नेमक्या कोणत्या टप्प्याला खुर्चीत होते ते स्वच्छ लिहा. ज्यांनी योजना मंजूर करून आणली आणि ज्यांनी ती पूर्ण केली, ते दोघंही मानाचे आहेत. एकाचं श्रेय दुसऱ्याच्या मृत्युलेखात गेलं की हयात असलेला माणूस दुखावतो आणि गेलेल्याचं नाव वादात पडतं.

हे किती महत्त्वाचं आहे ते महाडवरून कळतं. सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर झाला. त्याला धरून महाड नगरपालिकेनं १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केलं. महाडचे नगराध्यक्ष राहिलेले सुरबानाना टिपणीस यांचं नाव आजही त्या इतिहासात आदरानं घेतलं जातं. पण कागदावर खुल्या झालेल्या तळ्याचं पाणी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी प्यायले ते २० मार्च १९२७ रोजी, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपला ठराव मागे घेतला. तळ्याच्या हक्कावरून चाललेल्या खटल्यात उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. टिपणीसांबद्दल 'तळं खुलं केलं' एवढंच लिहिलं तर सत्याग्रहींचं धैर्य पुसलं जातं, आणि ठराव बिनकामाचा म्हटला तर टिपणीसांचं. सालवारी नीट लावली की दोघांनाही आपापली जागा मिळते.

आकडे द्यायचे तर ते माणसांत मोजा. दहा लाख लिटरचा जलकुंभ म्हणून वाचकाला काही कळत नाही. माणशी रोज १३५ लिटर हे प्रमाण धरलं तर एकदा भरलेली टाकी सुमारे ७,४०० लोकांना दिवसभर पुरते, असं लिहा. त्याआधी पाणी किती दिवसांआड येत होतं ते निवृत्त वॉलमनला विचारा. कोणत्या गल्लीला पहाटे किती वाजता पाणी सोडायचं हे त्याच्याइतकं कुणाला पाठ नसतं. तसाच सफाई विभागाचा जुना मुकादम, आवक-जावकचा लिपिक आणि सभागृहात समोरच्या बाकावर बसलेला विरोधी नगरसेवक. विरोधकाकडून आलेली चांगली आठवण कुटुंबीयांच्या दहा आठवणींपेक्षा वजनदार असते. जुन्या पाणीयोजनेच्या कागदांत महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाऐवजी पाणीपुरवठा व जलनिःसारण मंडळ असं नाव दिसलं तर गोंधळू नका, संस्था तीच.

महिला नगराध्यक्षांवर लिहिताना जास्त काळजी घ्या. आरक्षणामुळे १९९० च्या दशकापासून अनेक स्त्रिया या खुर्चीवर आल्या, आणि त्यांच्या मृत्युलेखात अर्धा मजकूर नवऱ्याचा असतो. इतिवृत्तात त्यांनी कोणत्या सूचना मांडल्या, कोणत्या विषयावर विरोध नोंदवला ते सापडतं. ते शोधून काढा. खरंच कारभार पती पाहत असतील तर बाईंच्या नावावर खोटी कामं चढवू नका. जे त्यांचं होतं तेवढं लिहा.

वादाचे विषय टाळल्यानं लेख पडतो, कारण शहराला सगळं आठवत असतं. अविश्वास ठराव आला होता, चौकशी झाली होती, तर साल, निकाल आणि त्यांचं म्हणणं एवढं दोन वाक्यांत लिहा. ज्या आरोपाचा निकाल कागदावर नाही तो छापू नका. मृत व्यक्तीची बदनामीही, जिवंतपणी तिच्या लौकिकाला धक्का लागला असता आणि घरच्यांच्या भावना दुखावण्याच्या हेतूनं केलेली असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली गुन्हा ठरू शकते.

लिहिताना सुरुवात जन्मापासून करू नका. ज्या एका गोष्टीमुळे शहराचा रोजचा दिवस बदलला, तिथून सुरुवात करा. जन्म, शिक्षण, व्यवसाय तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात येऊ द्या. मसुदा झाला की प्रत्येक वाक्यात त्यांच्या नावाच्या जागी शेजारच्या शहरातल्या माजी नगराध्यक्षांचं नाव घालून वाचा. वाक्य तरीही बसलं तर ते खोडा. 'पोकळी', 'आधारवड', 'काळाच्या पडद्याआड' हे तिथेच गळतात. कुणाची फी भरली, कुणाला औषधाला पैसे दिले अशा आठवणी मोलाच्या असतात, पण मदत घेणाऱ्याचं नाव त्याला विचारल्याशिवाय छापू नका.

मसुद्यातली नावं, नाती, तारखा घरच्यांना वाचून दाखवा; मतं दाखवायला बांधील नाही. फोटो हारतुऱ्याचा नको, सभेतला किंवा कामावरचा घ्या, मूळ छायाचित्र ३०० डीपीआयवर स्कॅन करा आणि डावीकडून सगळ्यांची नावं लिहा. जागा कमी पडली की उपसंपादक खालून कापतो, म्हणून नळाला पाणी आल्याचं साल शेवटच्या परिच्छेदात ठेवू नका. छापल्यावर एक प्रत, संदर्भासाठी टिपलेल्या ठराव क्रमांकांसह, शहराच्या वाचनालयात द्या आणि दुसरी नगरपरिषदेच्या अभिलेखात लावायला मुख्याधिकाऱ्यांकडे आवक क्रमांक घेऊन जमा करा.