जुनं सोनोग्राफी मशीन घेताय? या चुका टाळा

क्लिनिक टाकलं रे टाकलं की फोन सुरू होतात, 'डॉक्टर, मशीन एकदम टकाटक, वापर काहीच नाही'. सेकंडहँड घेऊच नका असं मी म्हणत नाहीये, तालुक्याच्या गावी कितीतरी चांगल्या प्रॅक्टिस जुन्या मशीनवरच उभ्या राहिल्यात. पण बहुतेक जण भाव पाडण्यात गुंततात आणि कागद नंतर बघू म्हणतात, तिथेच घोळ होतो.

सोनोग्राफी मशीन फ्रिजसारखं टेम्पोत घालून आणता येत नाही. १९९४ चा पीसीपीएनडीटी म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणारा कायदा आहे, तुमच्या सेंटरची नोंदणी नसेल तर तुम्हाला मशीन विकणंच बेकायदेशीर. नोंदणी आहे पण मशीन बदलताय? मग किमान ३० दिवस आधी अप्रोप्रिएट ऑथॉरिटीला, म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याला, कळवून सर्टिफिकेट नव्याने घ्यायचं. हे साफ विसरलं जातं. विकणाऱ्याच्या सर्टिफिकेटवरचा सिरियल नंबर मशीनच्या प्लेटशी स्वतः वाकून टॅली करा, फोटोवर जाऊ नका, एक आकडा जरी इकडचा तिकडे असला तरी ॲडव्हान्स देऊ नका. मशीन सील झालं की 'मला माहीत नव्हतं' कोणी ऐकून घेत नाही.

मग डेमो. विकणारा त्याच्या आवडत्या प्रोबने (अंगावर फिरवायचा तो भाग) मस्त लिव्हर दाखवतो आणि आपण खूश! तसं नाही, सोबत येणारा प्रत्येक प्रोब कोरडा पुसून, जेल न लावता हवेत धरा, स्क्रीनवर वरच्या बाजूला आडवे पट्टे दिसतात, त्यात उभी काळी फट दिसली तर प्रोबमधला तिथला क्रिस्टल, म्हणजे आवाजाच्या लहरी सोडणारा तुकडा, गेलाय समजा. केबल मुळाशी थोडी हलवून बघा, इमेज लुकलुकली तर तीही गेली. नव्या प्रोबचं कोटेशन आधीच काढून ठेवा, कधीकधी त्यातच सगळी बचत संपते. आणि मशीन आधीपासून गरम करून ठेवलेलं नको, गार असताना तुमच्यासमोर चालू करायला लावा.

डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणारं), डायकॉम (इमेज दुसऱ्या कॉम्प्युटरला पाठवणारं) असे ऑप्शन लायसन्सवर असू शकतात, डेमो लायसन्स असलं तर मुदत संपली की बंद. कंपनीच्या सर्व्हिसला सिरियल नंबर सांगून पार्ट अजून मिळतात का, सीएमसी, म्हणजे पार्टसकट देखभालीचा करार, देणार का, हे विचारा. नाही म्हणाले तर मी तरी कितीही स्वस्त असलं तरी घेणार नाही.

एक्स-रे असेल तर एईआरबीचं (अणुऊर्जा नियामक मंडळ) ई-लोरा या ऑनलाइन पोर्टलवरचं लायसन्स आणि क्यूए म्हणजे मशीनच्या गुणवत्ता तपासणीचा रिपोर्ट, त्याशिवाय चालू करायचं नाही, आणि ट्यूब किती वापरलीय ते आधी विचारा, खरा खर्च तिथेच आहे. टेबल, ट्रॉली, स्टूल मात्र बिनधास्त जुनं घ्या, गंज तेवढा बघा. पेमेंटचा शेवटचा हप्ता इन्स्टॉलेशन होऊन सगळे प्रोब तुमच्या जागेवर चालल्यावरच द्यायचा, हे बिलावर लिहून घ्या.