शेफर्ड, कोली आणि मर्ल: पिल्लाचा रंग बघताना या चुका टाळा

नाशिकच्या गंगापूर रोडवर सकाळी फिरायला निघालं की पूर्वी लॅब्रॅडॉर आणि अल्सेशियन एवढंच दिसायचं. आता अधूनमधून एखादा कबऱ्या अंगाचा, एका निळ्या डोळ्याचा बॉर्डर कोली किंवा ऑस्ट्रेलियन शेफर्डही दिसतो आणि लोक मोबाइल काढून उभे राहतात. मेंढ्या-गुरं हाकण्यासाठी तयार झालेल्या या जाती आपल्याकडे बहुतेकदा रंग बघून घेतल्या जातात. फसगतही तिथेच होते, कारण अंगावर दिसतं त्याहून बरंच काही जनुकांत दडलेलं असतं.

कबऱ्याला कबराच जोडीदार शोधणं

या यादीतली सगळ्यात वाईट चूक हीच. काळ्या-करड्या ठिगळांचा जो नमुना असतो त्याला मर्ल म्हणतात. त्यामागचा पीएमईएल जनुकातला बदल २००६ मध्ये सापडला. या जनुकाची एकच प्रत बदललेली असेल तर तो देखणा नमुना येतो. दोन मर्ल कुत्र्यांचं मेटिंग केलं, की प्रत्येक पिल्लात दोन्ही प्रती बदललेल्या येण्याची शक्यता चारात एक. असं पिल्लू बरंचसं पांढरं असतं आणि ते बहिरं, आंधळं किंवा दोन्ही निघण्याचा धोका मोठा असतो. आतल्या कानाचं काम नीट चालायला तिथे रंगपेशी लागतात. त्या पोचल्याच नाहीत तर पिल्लाला ऐकू येत नाही. ब्रिटनचा केनेल क्लब दोन मर्ल आईबापांच्या पिल्लांची नोंदणीच करत नाही. म्हणून ‘रेअर व्हाइट ऑसी’ (म्हणजे दुर्मीळ पांढरा ऑस्ट्रेलियन शेफर्ड) अशी जाहिरात दिसली, तर पैशाचं बोलण्याआधी दोन्ही आईबाप दाखवायला सांगा.

मर्ल कुत्र्याला मर्ल नसलेला जोडीदार द्या. तरीही सरासरी निम्मी पिल्लं मर्ल येतात, त्यामुळे हौसही भागते. फक्त ‘मर्ल नाही’ हे डोळ्यांनी ठरवू नका. मर्लचा परिणाम काळ्या आणि चॉकलेटी रंगद्रव्यावर होतो, पिवळ्यावर नाही. त्यामुळे पूर्ण सोनेरी अंगाच्या कुत्र्यात मर्ल असला तरी अंगावर तो दिसत नाही. काही कुत्र्यांत बदल इतका सौम्य असतो की कुठेतरी एवढासा करडा ठिपका असतो, नाहीतर तोही नसतो. वीण घ्यायचीच असेल तर आधी जनुक चाचणी करा. त्यासाठी गालाच्या आतून काडीने नमुना घेतला, तरी पुरतं. (ऑस्ट्रेलियन कॅटल डॉगचा करडा रंग मात्र मर्ल नव्हे, ती पांढऱ्या-काळ्या केसांची सरमिसळ आहे.)

पांढऱ्या डोक्याचं पिल्लू घरी आलंच असेल तर ते झोपलेलं असताना मागून किल्ल्या वाजवून बघा. जमिनीवर पाय आपटू नका, हादरा त्याला कळतो आणि तुम्हाला वाटतं ऐकू आलं. एकाच कानाने बहिरं असलेलं पिल्लू असल्या घरगुती परीक्षेत हमखास पास होतं. खात्री हवी असेल तर मेंदूपर्यंत आवाज पोचतो का हे मोजणारी बेअर चाचणीच करावी लागते.

काळं पिल्लू पाहून सोसायटीतल्या नरावर संशय घेणं

जर्मन शेफर्डची जोडी ब्लॅक अँड टॅन (काळी-तांबूस) आणि विणीत एक पिल्लू काळंकुट्ट. लगेच भांडण! पण या जातीत पूर्ण काळा रंग बहुधा अप्रभावी जनुकातून येतो. आईबाप दोघांनी तो लपवून वागवला असेल तर पिल्लू काळं निघू शकतं, आणि अशाच कारणाने पांढरंही. उलट, ब्लॅक अँड टॅन जोडीला सेबल, म्हणजे फिक्या केसांची टोकं काळी असलेलं, पिल्लू झालं तर शंका रास्त आहे, कारण सेबल प्रभावी रंग आहे. तो एका तरी पालकात दिसायला हवा.

पांढऱ्या पिल्लासाठी जादा पैसे मात्र मोजू नका. जर्मन शेफर्ड जातीच्या अधिकृत मानकात पांढरा रंग बाद आहे. व्हाइट स्विस शेफर्ड ही वेगळी जात आहे आणि तिला एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाची कायम मान्यता २०११ मध्ये मिळाली.

व्हॉट्सॲपवरच्या फोटोवर सौदा करणं

जर्मन शेफर्डचं पिल्लू जन्मतः बरंच काळं असतं. पुढे टॅन वर चढतो आणि पाठीवरची काळी खोगीर आकसते. सेबल पिल्लं तर आधी फिकी, मग गडद असे रंग पालटत राहतात. कॅटल डॉगची पिल्लं मोठ्या ठिगळांखेरीज पांढरी जन्मतात, त्यांचे ठिपके नंतर उमटतात. महिन्या-दीड महिन्याच्या फोटोवरून मोठेपणीचा रंग सांगणारा विक्रेता अंदाजच सांगतो.

आणि हो, ‘डबल कोट’ म्हणून वेगळा भाव लावतात तेही ऐकून सोडून द्या. आखूड केसांच्या जर्मन शेफर्डलाही आत मऊ लव आणि वर राठ केस असतातच. विकणाऱ्याला लांब केस म्हणायचं असतं.

पायांच्या रंगावरून औषध ठरवणं

पांढऱ्या पायांच्या कुत्र्याला आयव्हरमेक्टिन हे परजीवी मारणारं औषध चालत नाही, बाकीच्यांना चालतं, असा एक समज आहे. खरं कारण एमडीआर१ जनुकातला दोष, आणि त्याचा रंगाशी संबंध नाही. तो रफ कोलीत फार आढळतो, ऑस्ट्रेलियन शेफर्डमध्येही बराच, जर्मन शेफर्डमध्ये कमी. पाय काळे असले तरी तो असू शकतो. अशा कुत्र्यात औषध मेंदूत साचतं आणि झोकांड्या, लाळ, झटके, बेशुद्धी इथवर जातं. निफाड-सिन्नरकडे मळ्यावर गुरांसाठी आणलेलं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन खरूज किंवा गोचिडांसाठी कुत्र्यालाही टोचण्याचा मोह होतो. तो आवरा. या जातींत एमडीआर१ची चाचणी एकदाच करून तिचा निकाल लसीकरणाच्या फाइलला लावून ठेवा, म्हणजे भुलीची आणि जुलाब थांबवणारी काही औषधं देतानाही डॉक्टरांना उपयोग होईल.

एप्रिल-मेमध्ये मशीन फिरवणं

दुहेरी केसांच्या कुत्र्याला भादरलं की उन्हापासूनचा आडोसा जातो. पुन्हा येणारे केस कधी वेगळ्या रंगाचे, कधी विरळ येतात आणि काहींच्या अंगावर महिनोन्‌महिने येतच नाहीत. त्यापेक्षा आतली सुटलेली लव विंचरून काढा. उन्हाने काळी पाठ तांबूस झाली असेल तर नवे केस आले की रंग परततो. तांबूसपणासोबत खाज किंवा टक्कल असेल तर मात्र डॉक्टरांकडे न्या.