फुलानी मुलींना शाळेत टिकवायचंय? आधी दुधाचा हिशोब समजून घ्या

उत्तर नायजेरियात गुरं पाळणाऱ्या भटक्या फुलानी लोकांमध्ये शिकवायला जाणार असाल तर "या मुलींना शिकायचंच नसतं" हे आधी डोक्यातून काढा. तिथे सरकारचा भटक्यांच्या शिक्षणाचा कार्यक्रम 1986 पासून आहे, 1989 ला त्यासाठी वेगळा आयोग पण झाला, म्हणजे शाळा ही काही नवी गोष्ट नाही. अडतं ते टाइमटेबलवर.

गुरं पुरुषांची, पण दूध बायकांचं. आंबवलेलं दूध, त्याला तिथे नोनो म्हणतात, ते भोपळ्याच्या भांड्यात भरून डोक्यावर घेऊन पोरगी बाजारात जाते आणि त्या पैशावर आईचं घर चालतं. आता तुम्ही सकाळी आठला हजेरी घेतली तर ती येणार कशी? म्हणून बाजाराचे वार कोणते ते आईलाच विचारा आणि त्याप्रमाणे वर्ग दुपारी किंवा संध्याकाळी ठेवा. कोरड्या दिवसांत दूध आटतं, गुरं दक्षिणेकडे जातात, तेव्हा वेळ परत बदलावी लागते, कंटाळा करू नका. वस्तीच्या मुखियाला, म्हणजे आर्डोला, भेटायचंच, पण तो हो म्हणाला म्हणजे आई हो म्हणाली असं नाही, इथेच बरेच जण फसतात.

गणित पुस्तकातून सुरू करू नका. किती डाव दूध गेलं, किती नायरा (तिथलं चलन) आले, सुटे किती द्यायचे हे ती तोंडी करतेच, तेच पाटीवर लिहायला लावा, चार दिवसात तिला कळतं की आपल्याला येतं, आणि खरं सांगू का, मोटिव्हेशन म्हणतात ते हेच, भाषणं देऊन येत नाही ते. सुरुवात त्यांच्या फुलफुल्दे भाषेत करा, इंग्रजी नंतर.

अजून एक. फुलानींच्या पुलाकू नावाच्या रीतीत लाज आणि संयम याला फार मान आहे. मोठ्यांसमोर मुलगी गप्प बसली म्हणजे ढ आहे असं नाही, तिला एकटीला उभं करून उत्तर विचारू नका, मैत्रिणीबरोबर जोडीत करू द्या. फुलफुल्दे बोलणारी बाई शिक्षिका मिळाली तर फारच उत्तम.

लग्नं लवकर होतात हे धरूनच चला. नोकरीची स्वप्नं दाखवण्यापेक्षा गुरांच्या औषधाच्या बाटलीवरचं वाचता येणं, मोबाईलवर नंबर सेव्ह करता येणं हे आधी शिकवा, कारण हे घरी गेल्यावर आईला दिसतं, आणि मग धाकटीला पण तीच पाठवते.