सोबतीचं मांजर गेल्यावर मागे राहिलेल्या मांजराला कसं सांभाळावं

गोट्या आणि चिमीच्या वाट्या आमच्या स्वयंपाकघरात शेजारी शेजारी असायच्या. पहिला मान गोट्याचा. तो मिशा चाटत बाजूला झाला की मगच चिमी पुढे यायची. ११ वर्षं हाच क्रम चालला. मूत्रपिंडाच्या आजारानं गोट्या गेला, त्या संध्याकाळी मी चिमीची वाटी भरून ठेवली. ती आली, नेहमीच्या जागी दोन पावलं मागे बसली आणि बसूनच राहिली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, ती त्याची वाट बघतेय. त्याचं झाल्याशिवाय ती कशी खाईल?"

त्या दिवसापासून मी एक गोष्ट धरून आहे: मांजराचं दुःख आधी वाटीत दिसतं. म्हणून सुरुवात तिथूनच करा.

पहिले दोन दिवस वाटी सोडून कुठेही लक्ष नको

रोज किती खाल्लं ते लिहून ठेवा. अंदाजावर जाऊ नका, कारण आपलंही मन त्या दिवसांत थाऱ्यावर नसतं. मोठ्या मांजरानं २४ तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा. पिल्लू असेल तर त्याच्याही आधी. मांजर उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात साठू लागते आणि काही दिवसांतच यकृत निकामी होण्याची वेळ येऊ शकते. गुबगुबीत मांजराला हा धोका सर्वांत जास्त. "दुःखात आहे, भूक लागली की खाईल" असं म्हणून थांबणं इथे महागात पडतं.

अन्न थोडं कोमट करून द्या, त्यानं वास खुलतो आणि मांजर खातं ते वासावर. उकडलेलं चिकन किंवा काटे काढलेली मासळी चालेल, पण मीठमसाला नको आणि कांदा-लसूण तर अजिबात नको. ते मांजराला विषारी आहे. बोटावर घेऊन नाकापाशी धरा. सिरिंजनं जबरदस्ती भरवायला मात्र डॉक्टरांनी शिकवल्याशिवाय जाऊ नका.

चिमीच्या बाबतीत उपाय सासूबाईंच्या बोलण्यातूनच सापडला. मी आधी गोट्याची वाटी खाली ठेवली, मिनिटभरानं ती उचलली आणि मग चिमीची पुढे सरकवली. ती उठली. वाटी हुंगली, मागे वळून एकदा दाराकडे बघितलं आणि चार घास खाल्ले. आठवडाभर मी हे असंच केलं. तुमच्या घरातल्या दोघांचा क्रम वेगळा असेल. तो आठवून बघा आणि एकदम मोडू नका.

प्रत्येक बदल दुःखाच्या खात्यात टाकू नका

२०१६ साली न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातल्या पाळणाऱ्यांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात १५२ मांजरांची माहिती होती. सोबती गेल्यावर कित्येक मांजरं जास्त ओरडू लागली, त्याच्या आवडत्या जागी जाऊन बसू लागली, माणसांना चिकटू लागली. आणि हे बहुतेक सहा महिन्यांच्या आत ओसरलं. त्यामुळे कपाटामागे, पलंगाखाली शोधत फिरणारं मांजर बघून घाबरू नका.

पण लिटरच्या ट्रेमध्ये बोका सारखा कुंथतोय आणि लघवी होत नाहीये, असं दिसलं तर त्याच घटकेला दवाखाना गाठा. ताणामुळे मूत्राशयाला सूज येऊ शकते आणि बोक्याचा मूत्रमार्ग तुंबला तर जीवावर बेततं. म्हातारं मांजर रात्री अचानक मोठमोठ्यानं ओरडायला लागलं तर थायरॉइड आणि रक्तदाब तपासून घ्या. आणि गेलेल्या मांजराला संसर्गाचा आजार होता का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. तसं असेल तर राहिलेल्याचीही तपासणी हवी.

त्याचा वास घरात राहू द्या

एकत्र राहणारी मांजरं एकमेकांना गाल आणि कुशी घासतात. त्यातून सगळ्यांचा मिळून एक वास तयार होतो, आणि तो वास म्हणजे त्यांच्यासाठी घर. आपण मात्र दुसऱ्याच दिवशी गोधडी धुतो, टोपली माळ्यावर टाकतो, फरशी फिनेलनं पुसतो. मीही धुणार होते. बादलीत पाणीही सोडलं होतं. चिमी त्या गोधडीच्या दुमडीत नाक खुपसून बसलेली दिसली आणि नळ बंद केला.

गोधडी तिथेच असू द्या. मांजर स्वतःहून तिकडे जायचं थांबलं की मग उचला. आमच्याकडे दीड महिना लागला. फिनेल तसंही मांजराच्या घरात नको, ते पंजावरून जिभेवर जातं. सोबती पॅनल्युकोपेनियानं (विषाणूमुळे होणारा मांजरांचा जीवघेणा संसर्गजन्य आजार) गेला असेल तर मात्र हे सगळं उलट: तो विषाणू घरात वर्षभर टिकू शकतो. अशा वेळी गोधडी टाकून द्यावी, आणि १ भाग ब्लीच व ३२ भाग पाणी घेऊन फरशी आणि भांडी साफ करावीत. ती सुकेपर्यंत मांजराला दुसऱ्या खोलीत ठेवा.

बाकी दिवस होता तसाच

जेवणाची वेळ तीच, झोपायची जागा तीच. घराला रंग, पाहुणे, गावी जाणं, सगळं थोडं पुढे ढकला. झोपण्याआधी दहा मिनिटं दोरी किंवा पीस हलवून खेळवा आणि लगेच थोडं खाऊ घाला. रात्रीचं ओरडणं त्यानं कमी होतं. ओरडलं म्हणून रागावू नका. हळू आवाजात नाव घ्या, बस.

आणि तुम्हाला रडू आलं तर रडा. फक्त त्याला सारखं छातीशी कवटाळू नका. जवळ बसा, त्याला यायचं असेल तर ते येईल.

दुसरं मांजर आणायची घाई

"जोडीला एक पिल्लू आण, विसरेल ते," असं चौघं जण तरी सांगतील. माझं मत स्पष्ट आहे: लगेच नको. मांजराला हवा असतो तो ठरावीक सोबती. त्याच्या जागी आलेलं नवं पिल्लू त्याला परकंच वाटतं. खाणं, झोप आणि खेळ पूर्ववत होईपर्यंत थांबा. काही मांजरं पुढे एकटीच मजेत राहतात, तेही समजून घ्या.

आणायचंच ठरलं तर लसीकरण झालेलं आणा आणि आधी वेगळ्या खोलीत ठेवा. दोघांच्या चादरी रोज अदलाबदल करा. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना दोघांच्या वाट्या ठेवा. सुरुवातीला लांब, मग रोज थोड्या जवळ. दोघंही निवांत खायला लागली की दार चार बोटं उघडा. कोणी फिस्कारलं तर दार लावा, वाट्या पुन्हा लांब न्या आणि दोन दिवसांनी परत बघा.