‘बूट डिव्हाइस नॉट फाउंड’ दिसलं की आधी या चुका टाळा

काळ्या पडद्यावर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ किंवा ‘बूट डिव्हाइस नॉट फाउंड’ अशी ओळ आली की घरातलं कोणीतरी निकाल देऊन मोकळं होतं, ‘हार्ड डिस्क गेली.’ मग फॉरमॅटची भाषा सुरू होते. पण त्या ओळीचा अर्थ इतकाच, की विंडोज जिथून उचलायची ती जागा मशीनला सापडत नाही. डिस्क मेली आहे की धडधाकट असून दिसत नाही, हे त्यातून कळत नाही. ते कळेपर्यंत फॉरमॅटचं नाव काढू नका.

आधी यूएसबीत विसरलेला पेनड्राइव्ह काढा. हसू नका, बूटच्या क्रमात, म्हणजे विंडोज कुठून उचलायची त्या यादीत, यूएसबी वर असेल तर मशीन तिथेच अडकू शकतं. मग चालू करताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये, शिरा. डेलला एफ२, एचपीला एफ१०, सुटे भाग जोडून बनवलेल्या डेस्कटॉपला बहुधा डिलीट. तिथल्या यादीत डिस्कचं नाव आहे का, एवढंच बघा. पुढचं सगळं या एका उत्तरावर ठरतं, आणि नेमकं तेच न बघता लोक विंडोजचा पेनड्राइव्ह लावून बसतात.

त्याच पानावर घड्याळ असतं. पावसाळ्यात गोव्यातल्या डेस्कटॉपचं निम्मं निदान मी त्या घड्याळावर करतो. चतुर्थीच्या तोंडावर सत्तरी तालुक्यातून फोन येतो, देवस्थानच्या हिशेबाचा पीसी उठत नाही.

‘दादा, रात्री लाईट गेली, तेव्हापासून असंच. व्होल्टेजने डिस्क उडाली वाटतं.’

‘बायोसात तारीख कुठली दाखवतो?’

‘१ जानेवारी... २०१५!’

म्हणजे मदरबोर्डवरचा सेल संपला. सीआर २०३२, तीन व्होल्टचा, रुपयाच्या नाण्यासारखा. प्लगमध्ये वीज असेतो बंद पीसीलाही थोडा पुरवठा चालू राहतो, त्यामुळे सेल संपल्याचं महिनोन्‌महिने कळत नाही. वीज गेली की मात्र बायोसच्या सेटिंग मूळपदावर जातात आणि आळ येतो डिस्कवर. नवा सेल घाला, तारीख लावा, बूटचा क्रम पुन्हा लावा. नुसती तारीख लावून थांबलात तर पुढच्या वेळी वीज गेल्यावर पुन्हा हेच.

यादीत नावच नसेल तर दोष जोडणीत शोधा. मिरामार, कळंगुट, मोरजीकडच्या खाऱ्या हवेत आणि पावसाळ्याच्या दमटपणात धातूचे संपर्क लवकर काळवंडतात. पीसीचा प्लग काढा, पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, मग डिस्क मदरबोर्डला जोडणारी साटा केबल दोन्ही टोकांनी काढून बसवा. डिस्कची वीज देणारी केबलही तशीच. पट्टीसारखी छोटी डिस्क, म्हणजे एम.२ कार्ड असेल तर एक स्क्रू सोडला की ते तिरकं वर येतं. त्याच्या सोनेरी पट्ट्यांवर मळकट थर दिसला, तर आयसोप्रोपाइल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे शिंतोडे उडतात. नवी डिस्क घेण्याआधी दुसरी केबल आणि दुसरा पोर्ट लावून बघा. केबल स्वस्त असते, तरी ती सगळ्यांत शेवटी बदलली जाते.

नाव दिसतं पण विंडोज उठत नाही, तर सेटिंग बघा. जीपीटी आणि एमबीआर या डिस्कवर भाग पाडायच्या दोन पद्धती, यूईएफआय आणि लेगसी हे बूटचे दोन मोड. जीपीटी डिस्कवर बसवलेल्या विंडोजला यूईएफआय लागतं, एमबीआरवरच्या जुन्या विंडोजला लेगसी. साटाचा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, एएचसीआय होता आणि आता रेड दिसतो, तर तो परत फिरवा. पण अंदाजाने सगळीच बटणं फिरवू नका. बदलण्याआधी प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढा. अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच इंटेल लॅपटॉपांत बायोसला डिस्क दिसते, पण विंडोजच्या इन्स्टॉलरला दिसत नाही. तिथे व्हीएमडीचा, म्हणजे इंटेलच्या डिस्क सांभाळणाऱ्या भागाचा, ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून द्यावा लागतो. सेटिंग ठीक असूनही उठत नसेल तर विंडोजच्या पेनड्राइव्हवरून स्टार्टअप रिपेअर हा दुरुस्तीचा पर्याय चालवा. तेवढ्याने भागलं नाही तर बीसीडीबूट ही आज्ञा बूटच्या फाइली नव्याने लिहिते, तुमच्या फोटोंना हात लावत नाही.

टकटक आवाज करणाऱ्या हार्ड डिस्कवर मात्र चेकडिस्क, म्हणजे विंडोजची डिस्क-तपासणी, चालवू नका. ‘/आर’ जोडून चालवला तर आधीच अखेरच्या घटका मोजणाऱ्या डिस्कला तो पूर्ण पृष्ठभाग वाचायला लावतो. मशीन बंद करा आणि डेटा महत्त्वाचा असेल तर डेटा काढून देणाऱ्याकडे न्या. शांत डिस्क दुसऱ्या पीसीला लावलीत आणि तिथे ‘फॉरमॅट करायचं का?’ अशी खिडकी आली, तर रद्द करा. घाईत ‘हो’ म्हणणारे कमी नाहीत.

बायोसमध्ये हात घालण्याआधी लॅपटॉपवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कवरचं कुलूप, चालू आहे का, तेही बघून घ्या. सेटिंग बदलली की तो ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतो. ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, आणि ते खातं मुलाच्या नावाने उघडलेलं असून मुलगा जहाजावर असेल, तर त्याला आधी फोन लावा.